सीटी स्कॅन नॉर्मल आलं तरी रविवारी खेळवू नका

ताई, फुटबॉल खेळताना १४ वर्षांच्या मुलाचं डोकं आपटलं, स्कॅन नॉर्मल आलं, दोन दिवसांत तो 'एकदम बरा' आहे, मग रविवारची मॅच खेळू दे का, असं तुम्ही विचारलंय. मुलांना बरीच वर्षं शिकवतोय, म्हणून ठामपणे सांगतो: नको.

स्कॅनमध्ये रक्तस्राव किंवा फ्रॅक्चर दिसतं. कन्कशनमध्ये, म्हणजे डोकं आपटून मेंदूला हादरा बसतो तेव्हा, बिघडतं ते मेंदूचं काम, आणि ते स्कॅनमध्ये दिसत नाही. तो बेशुद्ध पडला नव्हता म्हणूनही निर्धास्त राहू नका, बहुतेकांची शुद्ध हरपतच नाही. लक्षणं उशिराही येतात. २०१९ मध्ये लॉर्ड्सवर आर्चरचा बाउन्सर स्टीव्ह स्मिथच्या मानेवर बसला. तपासणीत पास होऊन तो पुन्हा बॅटिंगला आला, पण दुसऱ्या दिवशी सकाळी डोकं दुखत होतं. त्याला त्या कसोटीतून बाहेर बसावं लागलं आणि पुढचीही हुकली.

वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, असंबद्ध बोलणं, हातापायांत अशक्तपणा, जागं करणं कठीण जाणं, यातलं काहीही दिसलं तर थेट हॉस्पिटल गाठा.

पहिले २४ ते ४८ तास आराम आणि मोबाइल कमी. अंधाऱ्या खोलीत झोपवून ठेवायची गरज नाही, घरात हिंडूफिरू दे. मग शाळा. पूर्ण दिवस त्रास न होता शाळा झेपली की मैदानाचं बघू. आधी चालणं-सायकल, मग एकट्याने धावणं, मग धक्काबुक्की नसलेला सराव. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस. लक्षणं बऱ्यापैकी वाढली तर थांबायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा करून बघायचं. टक्कर होईल असा पूर्ण सराव डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच, आणि मॅच त्याच्याही नंतर. मुलांना यात कधीकधी महिनाही लागतो. मेंदू सावरण्याआधी दुसरा मार बसला तर क्वचित मेंदूला जीवघेणी सूज येते, घाई नको म्हणतो ती त्यासाठीच.

'बरं वाटतंय' या उत्तरावर विसंबू नका. मॅच तोंडावर असताना मुलं खरं सांगत नाहीत. त्याला अभ्यास करताना बघा: तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचतोय का, ट्यूबलाइटखाली डोळे बारीक करतोय का, उगाच चिडतोय का.

आणि तो रविवारी खेळणार नाही, हे कोचना आजच तुम्ही स्वतः कळवा. मित्रांसमोर त्यालाच सांगायला लावलंत तर तो बूट घालून मैदानात उतरेल.