तैलरंगात जंगलाचे भावदर्शी चित्र रंगवताना सगळे हिरवे मळकट का होते? पानांसाठी कोणता ब्रश वापरावा?

पानांसाठी ब्रश शोधण्याआधी माझे एक ऐका: पाने रंगवूच नका.

होटगीच्या वाटेवर एका ओढ्याकाठी बाभळी आणि हिवरांचे दाट बन होते. चैत्रात तिथे सकाळी सात ते नऊ एवढेच बसता यायचे, कारण त्यानंतर सोलापूरच्या उन्हात सावल्या झाडांच्या बुंध्याशी गोळा होत. बाभळीचे खोड जवळजवळ काळे, हिवराची साल पिवळट पांढरी, आणि वरचा पाला इतका बारीक की सुटे पान डोळ्यांना सापडतच नाही. तो करड्या-हिरव्या धुरासारखा फांद्यांवर धरलेला असतो. तीन सकाळी मी २० बाय २४ इंचांच्या कॅनव्हासवर सॅप ग्रीनचे ठिपके देत राहिलो. चौथ्या दिवशी वैतागून सगळे पॅलेट नाईफने खरवडले, टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसले, आणि विणीत जे डाग उरले त्यांत ते बन मला पहिल्यांदा दिसले. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळून केलेल्या गडद रंगाने मी खोडे उभी केली, त्यांच्यामधला उजेड यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि पांढऱ्याने जाडसर भरला आणि हात थांबवला.

ते चित्र ओले असतानाच मी शिकत होतो त्या वर्गात नेले. "पाने कुठे आहेत? सोलापुरात जंगलच नाही, तू तरी कुठून पाहणार?" असे म्हणत शिक्षकांनी माझ्या हातातला ब्रश घेतला आणि खोडांवर हिरवी पाने काढून दिली. खालचा गडद रंग ब्रशला लागून तो हिरवा जागच्या जागी मळला, आणि मी गप्प उभा राहिलो.

तुमचाही रंग याच कारणाने मळतो. पहिला थर टर्पेंटाइनने पातळ करून द्या, तो वाळू द्या, मग वरच्या थरांत जवसाचे तेल वाढवत जा. उलट केले तर खालचा तेलकट थर सावकाश वाळत राहतो आणि वरचा तडकतो. ट्यूबमधला हिरवा जसाच्या तसा लावू नका, त्यात थोडा तांबूस रंग मिसळा. पाल्यातून दिसणारे आभाळाचे तुकडे मोकळ्या आभाळापेक्षा किंचित गडद ठेवले नाहीत, तर ते कागदाचे कपटे चिकटवल्यासारखे पुढे येतात.

पाने मोजून जंगल होत नाही, हे माझे त्या वर्गातले न दिलेले उत्तर आहे. कॅनडाच्या चित्रकार एमिली कार यांनी १९३० च्या दशकात ब्रिटिश कोलंबियातली जंगले मॅनिला कागदावर, पेट्रोलने पातळ केलेल्या तैलरंगांत रंगवली. त्यांत पान शोधून सापडत नाही. झाडांची वर झेपावणारी हालचाल आणि आभाळाचे हेलकावे मात्र दिसतात. ओढ्याकाठचे बाभूळबनही जंगलच आहे, आणि जो तिथे बसला आहे त्याच्या चित्रावर न बसलेल्याने ब्रश लावू नये. तुम्हीही कोणाला लावू देऊ नका, मग तो कितीही मोठा असो.

दोन गोष्टी मात्र सांगायला हव्यात. पेट्रोलचा प्रयोग घरात करू नका, आणि तेलाची फडकी चुरगळून ढिगात टाकू नका, कारण जवसाचे तेल वाळताना तापते आणि असा ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी उघड्यावर पसरून वाळवा. शिवाय मी हे माळरानाच्या झाडीबद्दल लिहीत आहे. आंबोलीत भर पावसात बसलात तर हिरव्याला इतके दूर ठेवता येणार नाही. ब्रश हवाच असेल तर डुकराच्या राठ केसांचा, चपटा, बोटाएवढ्या रुंदीचा घ्या.