देवाचे नाव आणि आपला शब्द : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बोलताना माझ्या तोंडी सारखे ‘देवाशपथ’ येते. मनात काही वाईट नसते. तरी हे पाप आहे का?

उत्तर : मनात काही नसते, हीच खरी अडचण आहे. ‘परमेश्वराचे नाव व्यर्थ घेऊ नकोस’ ही बायबलमधली आज्ञा (निर्गम २०:७) खोट्या शपथेपुरती नाही; ज्याच्याकडे आपले लक्षच नाही त्याला साक्षीला उभे करणेही तिच्यात येते. आणि ‘देवाशपथ’ सोडून ‘आईशपथ’, ‘गळ्याशपथ’ म्हटल्याने काही साधत नाही. येशूच्या काळीही लोक स्वर्गाची, पृथ्वीची, यरुशलेमेची, स्वतःच्या मस्तकाची शपथ घेत. हे सगळे देवाचेच आहे, असे त्याने दाखवून दिले आणि तुमचे बोलणे होय तर होय, नाही तर नाही, एवढेच असावे असे सांगितले (मत्तय ५:३४-३७). संकटात कळवळून ‘अरे देवा!’ म्हटले तर त्याचा धसका घेऊ नका. स्तोत्रांत अशा हाका जागोजागी आहेत. मात्र वस्तू हातातून पडली की सवयीने तेच म्हणणे सोडायला हवे. घरातल्या कुणाला तरी टोकायला सांगा. सवय आपली आपल्याला ऐकू येत नाही.

प्रश्न : मग न्यायालयात शपथ घ्यावी की नाही?

उत्तर : घेता येते, असे मी मानतो. येशूच्या चौकशीत प्रमुख याजकाने (मुख्य धर्मगुरूने) जिवंत देवाची शपथ घातल्यावर येशूने उत्तर दिले. प्रेषित पौल देवाला साक्षी ठेवून लिहितो (रोमकरांस १:९). १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरावलीतही (प्रॉटेस्टंट श्रद्धेची प्रश्नोत्तररूप शिकवण) अधिकाऱ्यांनी मागितल्यास आदराने शपथ घेण्यास मोकळीक आहे. क्वेकर आणि मेनोनाइट या ख्रिस्ती पंथांतले बंधुभगिनी मात्र पूर्वापार शपथ नाकारतात. तुमचा विवेक तसे सांगत असेल तर, कायदा मुभा देतो तिथे, देवाचे नाव न घेता प्रतिज्ञा करा.

प्रश्न : आई अत्यवस्थ असताना मी देवाला बोललो, ‘ती वाचली तर राहते घर विकून पैसे मंडळीला (चर्चला) देईन.’ आई बरी झाली. पत्नीला यातले काही माहीत नाही.

उत्तर : तुमची घालमेल योग्यच आहे. नवस करून न फेडण्यापेक्षा तो न केलेला बरा, असे बायबलमधला ‘उपदेशक’ हा ग्रंथ बजावतो (५:४-५). पण दुसऱ्याचा जीव किंवा आसरा पणाला लावणारे वचन पाळणे म्हणजे देवाचा मान राखणे नव्हे. ‘युद्ध जिंकलो तर घरातून प्रथम सामोरे येईल ते अर्पण करीन’ या इफ्ताहाच्या नवसापायी त्याच्या मुलीवर अनर्थ ओढवला. हेरोद राजाने ‘मागशील ते देईन’ या शपथेखातर बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शिर दिले. आईबापांना द्यायचे ते ‘देवाला अर्पण’ म्हणून अडवून ठेवणाऱ्यांना येशूने कठोर शब्दांत फटकारले (मार्क ७:११-१३). ज्या घरात पत्नी आणि आई राहतात ते तुम्ही एकट्याने देऊ शकत नाही.

म्हणून आज पत्नीला सगळे सांगा. अविचाराने उच्चारलेल्या शपथेसाठी जुन्या करारातल्या नियमशास्त्रात पापकबुलीची वाट होती (लेवीय ५:४-५), अर्पण केलेले घर मोलाच्या पाचव्या हिश्शाची भर घालून सोडवताही येई (२७:१५). तो नियम आज जसाच्या तसा लागू नाही, पण त्यातला न्याय पाहा : सुटका आहे, फुकटची नाही. कबुली द्या, पाळकांशी (चर्चच्या धर्मगुरूंशी) बोला आणि स्वतःच्या वाट्यातून झळ बसेल इतके द्या. तोशीस नको म्हणून माघार घेऊ नका. स्वतःचे नुकसान झाले तरी वचन न मोडणाऱ्याचा गौरव पंधराव्या स्तोत्रात आहे.

प्रश्न : आमच्याकडे एक जण कशालाही ‘देवाची इच्छा असेल तर येईन’ म्हणतात आणि येत नाहीत.

उत्तर : याकोबाने आपल्या पत्रात हे म्हणायला शिकवले (४:१५) ते उद्याची बढाई मारणाऱ्यांना. यायचे नसेल तर सरळ ‘नाही’ म्हणावे. आपली टाळाटाळ देवाच्या माथी मारू नये. हे त्यांना एकांतात, प्रेमाने सांगा. आणि ‘तुमच्यासाठी प्रार्थना करीन’ म्हणून विसरणारे आपणही त्यांच्याच रांगेत आहोत. ते वाक्य तोंडून निघाले की तिथेच, त्या माणसाबरोबर, दोन ओळींची का होईना, प्रार्थना करा.