लेट-९२ बंद केल्यावर अंडीच का मिळत नाहीत?

तुमची अडचण थोडक्यात अशी: लातूरला एम.एस्सी.च्या प्रकल्पात सी. एलेगन्स या सूक्ष्म गोलकृमींना लेट-९२ या जनुकाचा आरएनएआय (जनुक गप्प करणारा दुपदरी आरएनए, जिवाणूंमधून) चारला, तर अंडीच मिळाली नाहीत. शिवाय काइनेज हे विकर प्रथिनांना फॉस्फेट लावतं आणि फॉस्फटेज हे विकर ते नुसतं काढतं, मग त्यात नियंत्रण कसलं, असंही विचारलंय.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करू, पहिल्याचं उत्तर त्यातच आहे. लेट-९२ हा पीपी२ए या फॉस्फटेजचा उत्प्रेरक, म्हणजे प्रत्यक्ष फॉस्फेट काढणारा, भाग. तो एकटा काम करत नाही. पीएए-१ या प्रथिनाचा सांगाडा आणि कुठं, कशावर काम करायचं ते ठरवणारा एक नियामक भाग सोबत लागतो. ट्रॅक्टर एकच, पण मागं नांगर जोडला तर नांगरट, पेरणीयंत्र जोडलं तर सोयाबीनची पेरणी. तुम्ही इंजिनच काढलंत, म्हणून जननग्रंथीतलं कामही बसलं. भ्रूणात काय होतं ते बघायचं तर एकेक औजार, म्हणजे नियामक भाग, काढा.

आरएसए-१ हा नियामक भाग काढला तर पीपी२ए सेंट्रोसोमवर (सूक्ष्मनलिका जिथून उगवतात त्या केंद्रावर) पोचत नाही. मग तिथल्या केएलपी-७ आणि टीपीएक्सएल-१ या प्रथिनांवरचा ताबा सुटतो, सूक्ष्मनलिका कमी उगवतात आणि तर्कू (गुणसूत्रं वाटून देणारा सूक्ष्मनलिकांचा सांगाडा) कोसळतो. पीपीटीआर-१ हा नियामक भाग नसेल तर विभाजनाच्या वेळी पी-कण (जननपेशींच्या वाट्याला जाणारे आरएनए-प्रथिनांचे कण) विरघळतात, नंतर पुन्हा दिसतात, पण मागच्याच पेशीत जाण्याची शिस्त राहत नाही.

सर-६ हा नियामक भाग सगळ्यात मजेदार. तो कमी केला की झिग-१ प्रथिनाचं प्रमाण घटतं आणि सेंट्रिओल (सेंट्रोसोमचा गाभा) दुप्पट होत नाहीत. पण पहिलं विभाजन बघून फसू नका! शुक्राणूनं आणलेले दोन सेंट्रिओल असल्यामुळं ते दोन ध्रुवांचंच होतं. खोट दिसते ती दुसऱ्या फेरीत, एबी आणि पी१ या पहिल्या दोन पेशींमध्ये, एकध्रुवी तर्कूच्या रूपात. उलट पीपी१ हे दुसरं फॉस्फटेज घटवलं तर झिग-१ वाढतं आणि सेंट्रिओल जास्त होतात. दोन्ही फॉस्फेटच काढतात, तरी परिणाम विरुद्ध. तुमचं ‘नुसतं’ इथं गळून पडतं.

आता चारण्याबद्दल. एचटी११५ जिवाणू, त्यात जनुकाचा तुकडा नेणारा एल४४४० हा वाहक डीएनए, आणि दुपदरी आरएनए बनणं सुरू करायला प्लेटमध्ये १ मिलिमोलर आयपीटीजी. प्लेटा ताज्या आणि अंधारात ठेवलेल्या हव्यात. लेट-९२च करायचं असेल तर कृमी एल४ (अळीच्या शेवटच्या) अवस्थेतले घ्या, २०° सेल्सिअसला सुमारे २४ तासांपासून तपासायला लागा. पिल्लांपासून चारलं तर वांझपणच मिळणार. तुलनेसाठी रिकाम्या (जनुकाचा तुकडा नसलेल्या) एल४४४०ची प्लेट शेजारी हवीच. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये लाईट गेली आणि इनक्युबेटर तापला तर २५° च्या वर अंडी आपोआप घटतात, २७° च्या आसपास कृमी जवळजवळ वांझ होतात. रिकाम्या एल४४४०च्या प्लेटवरही अंडी नसतील तर दोष जनुकाचा नाही, उन्हाळ्याचा.

अंडी भरलेला कृमी एम९ या क्षारद्रावणाच्या थेंबात सुईनं कापा, भ्रूण २ टक्के अगारोजच्या गादीवर ठेवा. भ्रूण जेमतेम ५० मायक्रॉन लांब असतो. कव्हरस्लिप दाबली गेली तर तर्कू वाकडा दिसतो आणि तुम्ही त्यालाच परिणाम समजून बसाल. एबी पी१च्या सुमारे दोन मिनिटं आधी विभागते, म्हणून दोन्ही संपेपर्यंत चित्रण थांबवू नका.

ओकाडाइक आम्ल (फॉस्फटेज बंद पाडणारं रसायन) थेट ओतायचा मोह टाळा: भ्रूणाचं कवच ते आत जाऊ देत नाही. पर्म-१ या जनुकाचा आरएनएआय करून कवच सैल केलं तरच उपयोग, आणि तेव्हाही मात्रा जास्त झाली की पीपी२एसोबत पीपी१ही बंद पडतं.