माउथवॉशने दाताच्या इम्प्लांटचा स्क्रू गंजतो का?

तुमच्या आईंना खालच्या दाढेच्या जागी इम्प्लांट (हाडात बसवलेला धातूचा स्क्रू आणि त्यावर दातासारखी कॅप) बसवून चार महिने झाले, डॉक्टरांनी दिलेला गुलाबी माउथवॉश त्या अजूनही रोज दोनदा वापरतात, आणि आता दाढेच्या कडेला तपकिरी रेघ दिसतेय. ‘आतला स्क्रू गंजला का?’ असं तुम्ही विचारलंय.

गंजलेला नाही. मी दातांचा डॉक्टर आहे, आणि हीच तक्रार घेऊन एक मावशी माझ्याकडे आल्या होत्या. मोबाइलच्या टॉर्चमध्ये काढलेला फोटोसुद्धा सोबत होता. खुर्चीत बसवून पाहिलं तर कॅपवर चहाचे डाग! पॉलिशिंगची पेस्ट लावून रबर कप फिरवला, पाच मिनिटांत रेघ गेली. त्या माउथवॉशमध्ये बहुतेक क्लोरहेक्झिडीन असतं. ते दातावर बसतं आणि चहा-कॉफीतला रंग धरून ठेवतं. दिवसाला चार कप चहा घेणाऱ्या घरात हे डाग ठरलेलेच. मिश्री लावायची सवय असेल तर विचारूच नका.

आता धातूचं. इम्प्लांट टायटॅनियमचं असतं. हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा थर चढतो, जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा. ओरखडा पडला तरी तो पुन्हा तयार होतो. हाड इम्प्लांटला चिकटतं ते याच थराला. स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क या संशोधकाने १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला असे स्क्रू बसवले, तेव्हापासून दंतवैद्यकाची सगळी भिस्त या थरावर आहे. ०.२ टक्के क्लोरहेक्झिडीनच्या चुळांनी तो खरवडला जात नाही. त्याला त्रास होतो तो आम्लयुक्त फ्लोराइडचा. दवाखान्यात लावायच्या काही जेलमध्ये फ्लोराइडही जास्त असतं आणि आम्लही, ती मी इम्प्लांटजवळ लावत नाही. घरची साधी फ्लोराइड टूथपेस्ट चालते.

क्लोरहेक्झिडीनची खोड वेगळी आहे, ते चिकटतं. त्याचे रेणू धनभारित असतात आणि दातावरचा लाळेचा थर, हिरडी, टायटॅनियमचा ऑक्साइड हे बहुधा ऋणभारित. म्हणून चूळ थुंकली तरी औषध कित्येक तास तोंडात हळूहळू सुटत राहतं. हाच त्याचा मोठा गुण. पण हाड झिजून खरखरीत स्क्रू उघडा पडला असेल आणि शस्त्रक्रिया करून तो साफ करायचा असेल, तर तोच गुण आडवा येतो. प्रयोगशाळेत असं दिसलंय की धातूवर उरलेलं औषध हाड बनवणाऱ्या पेशींना मानवत नाही. मी तिथे शेवटी सलाइनने भरपूर धुतो. तुमच्या आईंचा स्क्रू हाडात गाडलेला आहे, चूळ तिथवर पोचतच नाही.

माझा आक्षेप आहे तो चार महिन्यांना. टाके असताना ब्रश नीट फिरवता येत नाही, तेवढ्यापुरतं हे औषध. मी साधारण दोन आठवडे देतो. नंतरही चालू ठेवलं की डाग पडतात, जिभेची चव जाते, ‘भाजीत मीठच नाही’ असं सुरू होतं. आणि दातावर जमलेला जंतूंचा चिकट थर नुसत्या चुळेने निघतच नाही, तो घासूनच काढावा लागतो. कॅपच्या बुडाशी मऊ ब्रश आणि शेजारच्या फटीत बारीक इंटरडेंटल ब्रश रोज फिरवा. डॉक्टरांनी औषध चालू ठेवायला सांगितलंच, तर टूथपेस्ट आणि चूळ यांत किमान अर्धा तास जाऊ द्या, कारण पेस्टमधल्या फेसाच्या घटकाने औषध निकामी होतं. आणि ही चूळ आहे, गुळणी नव्हे: दहा मिली घ्यायचं, अर्धा-एक मिनिट खळखळवायचं, घशात न्यायचं नाही.

रेघ पॉलिशिंगने जाईल. ब्रश करताना तिथून रक्त किंवा पू येत असेल, तर मात्र माउथवॉश बदलत बसू नका, डॉक्टरांकडे जाऊन एक्स-रे काढून घ्या.