बाही धरणारी लेक

ताई,

माझी मुलगी थोड्याच महिन्यांत बारा वर्षं पूर्ण करेल. ती जन्मली त्या रात्रीपासून मी एक वही लिहितोय. पहिला शब्द, पहिला पडलेला दात, ‘चंद्र आपल्या मागे मागे का येतो?’ असले तिचे प्रश्न. आता तिसरी वही संपत आलीय. तेराव्या वाढदिवसाला सगळ्या वह्या तिच्या हातात ठेवायच्या, असं मनात होतं.

गेल्या महिन्यात घरी पाहुणे आले होते. बोलता बोलता मी वही काढली आणि तिच्या शाळेच्या पहिल्या दिवसाचं पान वाचून दाखवलं. ती किती रडली, माझी पँट कशी सोडेना, ते सगळं. सगळे कौतुकानं हसले. तिनं वही माझ्या हातातून ओढून घेतली. “बाबा, ते माझं होतं. तू सगळ्यांना का वाचून दाखवलंस?” म्हणाली आणि खोलीचं दार लावून घेतलं.

तेव्हापासून जेवढ्यास तेवढं बोलते. शाळेचं फाटक दिसायच्या आतच म्हणते, “तू इथूनच जा.” परवा रस्ता ओलांडताना मी सवयीनं हात पुढे केला. तिनं हात धरला नाही, माझ्या शर्टाची बाही धरली आणि पलीकडे पोचल्याबरोबर सोडली. दाराच्या चौकटीवर आम्ही पेन्सिलीनं तिची उंची मांडतो. आठ महिन्यांत सहा सेंटीमीटर वाढलीय. बायको म्हणते, “वयात येतेय ती, आता तू जरा लांबच राहा.” लांब म्हणजे किती, हेच मला कळत नाही. ती माझ्यापासून तुटतेय का? आणि त्या वह्या द्याव्यात की नाही?

– एका लेकीचा बाबा

दादा,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या बाहीपाशी थांबले. ओळखीच्या कुणी पाहिलं तर आपण लहान दिसायला नको, आणि रस्ता तर बाबाला धरूनच ओलांडायचाय. या पेचातून तुमच्या लेकीनं स्वतःपुरती वाट काढलीय. तुटणारं मूल बाही धरत नाही हो. ते दोन पावलं पुढे निघून जातं.

आता वहीचं. तिथं तुमचं चुकलं, आणि हे तुम्हालाही आतून माहीत आहे म्हणूनच तुम्ही तो प्रसंग इतका बारकाईनं लिहिलात. तुमच्यासाठी ते पान म्हणजे जगातली सगळ्यात गोड आठवण. तिच्यासाठी तो तिच्या आयुष्यातला एक घाबरलेला दिवस आहे, आणि त्यावर खोलीभर माणसं हसली. तिचं वाक्य पुन्हा वाचा. ‘ते खोटं आहे’ असं ती म्हणाली नाही, ‘मला ते आवडत नाही’ असंही नाही. ‘ते माझं होतं’ म्हणाली. आपलं काय आणि सगळ्यांचं काय, यातली रेघ ती पहिल्यांदाच स्वतःच्या हातानं ओढतेय.

म्हणून आधी माफी मागा. महिना उलटून गेला म्हणून आता कशाला, असं म्हणू नका. मोठा समारंभ नको, आईला मध्ये घालणं नको. “त्या दिवशी मी तुला न विचारता वाचलं. चुकलं माझं. यापुढे तुझ्याबद्दलचं काही तुला विचारल्याशिवाय कुणाला सांगणार नाही.” एवढंच म्हणा आणि थांबा. पुढे ‘पण मला तुझं किती कौतुक आहे’ हे जोडू नका, नाहीतर माफी तिथंच पुसली जाते. ती कदाचित नुसतं ‘बरं’ म्हणेल. ते पुरे समजा. आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचा फोटो टाकायच्या आधीही हेच.

‘लांब राहा’ या सल्ल्याबद्दल मात्र मला जरा जास्त बोलायचंय, कारण तो माझ्या घरात पाळला गेला होता. माझी पाळी सुरू झाली त्या वर्षी माझ्या बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवणं थांबवलं. त्याआधी रोज रात्री झोपायला जाताना ते माझे केस विस्कटून जायचे. एके रात्री ते दारातूनच ‘झोप आता’ म्हणाले आणि दिवा घालवला. मग रोज तसंच. कुणी मला काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. माझ्याकडून काहीतरी घाण, काहीतरी वाईट घडलंय, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. ते बिचारे संकोचले होते, हे कळेपर्यंत मी स्वतः आई झाले होते.

मागे सरकायचा हक्क तिचा आहे, दादा. ती दार लावेल, हात सोडेल, मिठी मारायला गेलात तर अंग चोरेल. ते सगळं मानायचं. दारावर टकटक केल्याशिवाय आत जायचं नाही. पण तुम्ही स्वतःहून मागे सरकू नका. ती वळून बघेल तेव्हा तुम्ही होतात तिथंच दिसायला हवेत. तुमच्या बायकोनं हे काळजीपोटीच सांगितलंय, तिलाही बहुधा तिच्या घरात हेच सांगितलं गेलं असेल. दोघं मिळून एकदा यावर बोला.

आणि त्या पेन्सिलीच्या खुणा! आठ महिन्यांत सहा सेंटीमीटर म्हणजे ती उंचीच्या ऐन भरात आहे. मुलींची उंची सगळ्यात झपाट्यानं वाढते ती सहसा पहिल्या पाळीच्या आधी. पाळी सुरू झाल्यावर हा वेग ओसरतो. म्हणजे अजून सुरू झाली नसेल, तर ती वेळ आता फार दूर नसावी, असं ती चौकट सांगतेय. मुलींच्या शरीरात हे बदल साधारण 8 ते 13 वर्षं या दरम्यान सुरू होतात, आणि छातीची वाढ दिसू लागल्यापासून दोन-अडीच वर्षांत बहुतेकींना पाळी येते. सुरुवातीला छातीत कधी कधी एकाच बाजूला गाठ लागते, दुखतेही, आणि कितीतरी मुली आपल्याला काहीतरी आजार झालाय म्हणून महिनोन्‌महिने गुपचूप घाबरलेल्या असतात. पहिली एक-दोन वर्षं पाळी पुढे-मागे होते. या वयात 21 ते 45 दिवसांचं अंतर चालतं. पण रक्तस्राव सात दिवसांहून जास्त चालला, दर तास-दोन तासांनी पॅड बदलावं लागलं, किंवा पंधरा पूर्ण होऊनही पाळी आली नाही, तर डॉक्टरांकडे जायचं.

हे सगळं तिला तिची आई सांगेलच. तरी तुम्हालाही माहीत असायला हवं, आणि तुम्हाला माहीत आहे हे तिला माहीत असायला हवं. पॅड घरात कुठे ठेवलेत ते बघून ठेवा. आई घरी नसताना पाळी आली, तर पोरीनं बाथरूममध्ये कोंडून बसायची वेळ येऊ नये.

रात्री लवकर झोपत नाही, सकाळी उठवत नाही, असं पुढे होईल. या वयात शरीराचं झोपेचं घड्याळच मागे पडतं, त्याला हट्ट म्हणू नका. उगाच चिडेल, पाच मिनिटांनी हसेल, तेही धरून ठेवू नका. मात्र खाणं-पिणं सुटलं, मैत्रिणी सुटल्या, एरवी जीव टाकायची त्या कशातही मन लागेना आणि असं दोन आठवडे चाललं, तर ‘वयच तसं आहे’ म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना दाखवा. आणि स्वतःला काही इजा करतेय असं दिसलं किंवा जगण्यात अर्थ नाही असं काही बोलली, तर एक दिवसही थांबू नका.

बोलायचं असेल तर समोर बसवून ‘सांग बघू काय झालंय’ म्हणू नका. या वयाच्या मुली समोरासमोर मिटतात आणि शेजारी-शेजारी उलगडतात. सोबत चालताना, कपड्यांच्या घड्या घालताना, गाडीत दोघांची नजर रस्त्यावर असताना. आणि काही सांगितलंच तर लगेच उपाय सांगू नका. ‘मग?’ एवढंच म्हणा.

राहिल्या वह्या. तेराव्या वाढदिवसाला देऊ नका. बारा-तेराच्या मुलीला आपलं लहानपण नुकतंच अंगावरून उतरवायचं असतं, त्याचा गठ्ठा त्याच वेळी हातात दिला तर तिला ते ओझं वाटेल. ‘तुझ्या वह्या या कपाटात आहेत, तुला हव्या तेव्हा घे’ असं सांगून ठेवा. घेईल. कधी, ते तिला ठरवू द्या. तोवर कुणीही त्या उघडायच्या नाहीत, तुम्ही धरून.

लिहिणं मात्र सोडू नका. फक्त आता नवी वही करा आणि ती तुमची असू द्या. आतापर्यंत तुम्ही तिनं काय केलं ते लिहीत होतात. आता तुम्हाला काय वाटलं ते लिहा. ‘आज फाटकाच्या आधीच तिनं मला परत पाठवलं आणि घरी येईपर्यंत माझ्या घशात काहीतरी अडकलं होतं’, हे लिहा. तुमचं रडू तुमच्या वहीत राहू दे. ते तिनं सांभाळायचं नाही.

आणि उद्या रस्ता ओलांडताना हात पुढे करू नका. बाही तिच्या हाताशी येईल अशा बाजूनं चाला.

तुमची,
ताई