मुलीला कॅनडाला पाठवायला प्लॉट विकायचा का?

नमस्कार दादा, तुमचं पत्र सावकाश वाचलं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो: दादा 54 वर्षांचे, पुण्यात खासगी नोकरी, 60 ला रिटायर होणार. मुलीला व्हँकुव्हरच्या युनिव्हर्सिटी ऑफ ब्रिटिश कोलंबियात (यूबीसी) नॅचरल रिसोर्सेस कॉन्झर्वेशनच्या बीएस्सीला ॲडमिशन मिळालीय, इकडे दापोलीच्या फॉरेस्ट्री कॉलेजलाही नंबर लागेल असे सीईटीचे मार्क आहेत. कॅनडाचा खर्च वर्षाला साधारण 47 लाख, चार वर्षांचे 1 कोटी 88 लाख, त्यात तळेगावचा प्लॉट विकून 80, एज्युकेशन लोन 75 आणि उरलेले 33 पीएफ अन म्युच्युअल फंड मोडून.

माझं मत स्पष्ट आहे, या पद्धतीने पाठवू नका. पोरीचं अभिनंदन करा, कोर्स खरंच चांगला आहे, जंगल, वन्यजीव, पाणी, जमीन सगळं एकत्र शिकवतात. अडचण कोर्सची नाही, त्यावर काढायच्या कर्जाची आहे.

आता लोनचं बघा. पहिली दोन वर्षं प्लॉटच्या अन मोडलेल्या पीएफ-फंडांच्या पैशात जातील, लोन तिसऱ्या-चौथ्या वर्षी निम्मं-निम्मं उचललं असं धरू, व्याज साडेदहा टक्के, कोर्सनंतर एक वर्ष सूट. त्या काळात काहीच भरलं नाही तर 75 चे जवळपास 95 लाख होतात आणि 15 वर्षांचा हप्ता बसतो महिन्याला 1 लाख 5 हजारांच्या आसपास. हा हप्ता सुरू होईल तेव्हा तुम्ही 59 चे असाल आणि संपेल तेव्हा 74 चे!! को-बॉरोअर म्हणजे सहकर्जदार तुम्हीच, म्हणजे तिला नोकरी लागायला उशीर झाला तर बँक तुमच्याच दारात येणार, आणि तोवर पीएफही मोडलेला असेल. व्याजावर इन्कम टॅक्समध्ये सूट मिळते हे बरोबर, पण ती फक्त जुन्या टॅक्स रिजीममध्ये आणि आठच वर्षं, शिवाय रिटायर झाल्यावर टॅक्सच फारसा नसेल तर त्या सूटीचा उपयोग काय.

तुम्ही विचारलंय की तिकडे नोकरी लागली की दोन-तीन वर्षांत फिटेल ना. आयटीवाल्या मुलांचं बघून हा हिशोब करू नका प्लीज. ब्रिटिश कोलंबियाची जवळजवळ 94 टक्के जमीन प्रांत सरकारच्या ताब्यात आहे, त्यामुळे या क्षेत्रातलं बरंचसं काम सरकारी नाहीतर सरकारी कामावर चालणाऱ्या कन्सल्टन्सीचं. केंद्र सरकारच्या भरतीत नागरिक आणि पीआरवाल्यांना (कायम राहायची परवानगी असलेल्यांना) आधी घेतात, तुमची मुलगी सुरुवातीला वर्क परमिटवर असणार. आणि नवख्यांची फिल्डवरची कामं बऱ्याचदा उन्हाळ्याच्या सीझनपुरती असतात, झाडं मोजा, ओढ्यातले मासे मोजा, बर्फ पडायला लागला की काँट्रॅक्ट संपलं. हप्ता मात्र बाराही महिने.

दापोलीला कमी समजू नका. तिथली चार वर्षांची बीएस्सी फॉरेस्ट्री हॉस्टेल-मेससकट धरली तरी यूबीसीच्या एका सेमिस्टरच्या खर्चात आरामात बसते, सह्याद्री हाताशी आहे, कोकणातल्या देवराया बघायला मिळतील. त्या डिग्रीवर यूपीएससीची इंडियन फॉरेस्ट सर्व्हिस देता येते, एमपीएससीची वनसेवा म्हणजे आरएफओ (वनक्षेत्रपाल), एसीएफ (सहायक वनसंरक्षक) देता येते. पुढच्या शिक्षणाला डेहराडूनला एफआरआय ही वन संशोधन संस्था किंवा वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूट, बंगळुरूला एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेची वाइल्डलाइफची एमएस्सी, भोपाळला वन व्यवस्थापन शिकवणारी आयआयएफएम, सगळीकडे स्पर्धा आहे पण पोरगी अभ्यासू आहे असं तुम्हीच लिहिलंय. पगाराबद्दल मात्र इथेही भ्रम नको, संशोधनाच्या प्रोजेक्टवर जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलो) म्हणून लागली तर महिन्याला 37 हजार अधिक घरभाडं मिळतं, आणि स्वयंसेवी संस्थेत काम केलं तर बऱ्याचदा त्याहून कमी. म्हणूनच तर म्हणतो की या क्षेत्रात पाऊल टाकताना डोक्यावर कर्ज नको, कमी पगाराचं पण आवडीचं काम घ्यायची मोकळीक तिला राहिली पाहिजे.

परदेशाचं स्वप्न मारायचं नाहीये, पुढे ढकलायचंय. थीसिसवाल्या एमएस्सीला कॅनडा-अमेरिकेत बऱ्याचदा प्रोफेसरच्या ग्रँटमधून किंवा असिस्टंटशिपमधून स्टायपेंड मिळतो, युरोपात इरास्मस मुंडसची स्कॉलरशिप आहे, बीएस्सीला असं फंडिंग फार कमी जणांना मिळतं. तेव्हा चार वर्षं महिन्याला 25 हजार बाजूला टाका, 12 लाख तर मुद्दलच होतं, शेवटची दोन वर्षं ते पैसे शेअर बाजारात न ठेवता एफडीत ठेवा. पीएफला हात लावू नका.

एकाच परिस्थितीत मी हो म्हणेन. युनिव्हर्सिटीने निम्म्याहून जास्त खर्चाची स्कॉलरशिप लेखी दिली आणि लोन 25 लाखांच्या आत राहिलं तर जाऊ दे तिला, मग प्लॉटचाही विचार करू. तिने स्कॉलरशिपचा अर्ज केलाय का हे पत्रात नाही, ते आधी विचारा, उत्तर येईपर्यंत प्लॉटचा टोकन घेऊ नका आणि दापोलीसाठी कॅप राउंडचा (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा) फॉर्म भरायला विसरू नका, ती तारीख गेली तर वर्ष जाईल.