घंगाळ भंगारात घालू का?
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

प्रश्न : मंगळवार पेठेतला आमचा जुना वाडा दिवाळीनंतर उतरवायचा आहे. माळ्यावर तांब्याचं मोठं घंगाळ, पितळी हंडे, दोन समया, देवादिकांच्या जुन्या तसबिरी आणि खाली सोप्यात सागवानी खांब आहेत. पूर्वी असलं घेणारे दुकानदार गावात होते. आता दारात येतो तो भंगारवाला, आणि तो सरळ काटाच काढतो. घालू का त्याला? – एक वाचक, कोल्हापूर

एवढ्यात नको. पण त्याचा काटा वापरून घ्या. घंगाळाचं वजन करा, त्या दिवसाचा तांब्याचा मोडीचा भाव विचारा आणि गुणाकार लिहून ठेवा. हा तुमचा तळ. याच्या खाली कुणी बोलला तर पुढचं बोलणंच नको.

जुन्या वस्तूंचा दुकानदार तीन कामं करायचा. वस्तू ओळखायची, पैसे अडकवून ती सांभाळायची आणि गिऱ्हाईक येईपर्यंत थांबायचं. दहा हजारांना विकायच्या वस्तूचे त्याने चार हजार हातावर ठेवले की लोक चिडत, पण मधले सहा हजार या तीन कामांचेच होते. पेठांतले वाडे उतरत होते तोवर माल येत राहिला. वाडे संपत आले तसा मालही आटला, आणि रस्त्यावरच्या गाळ्याचं भाडं मात्र चढत गेलं. वर्षभर बसून राहणारी वस्तू आणि दर महिन्याला दारात उभं राहणारं भाडं यांचं जमणं कठीणच. तेव्हा ती तिन्ही कामं आता तुम्हालाच करायची आहेत.

पहिलं काम ओळखण्याचं. घंगाळ उलटं करा आणि खिडकीच्या उजेडात तिरकं धरा. हातोडीचे ठोके एकमेकांवर चढलेले, थोडे वेडेवाकडे दिसले तर ते तांबटाच्या हातचं. सगळीकडे सारख्या अंतराच्या बारीक गोल रेषा दिसल्या तर यंत्रावर ओढलेलं. मग बुडाशी किंवा कडेला जोड शोधा. जुन्या घडाईत पत्र्याच्या दोन कडा दात पाडून एकमेकांत बसवून झाळलेल्या असतात, तो नागमोडी पट्टा बोटाला लागतो. शेवटी काठाजवळ नाव घातलंय का पाहा. ठिपक्याठिपक्यांनी टोचलेलं नाव, गाव आणि सनाचा आकडा असेल तर घंगाळाचा जन्मदाखलाच मिळाला. पुष्कळजण हेच नाव घासून काढतात आणि मग गिऱ्हाईक शोधत बसतात.

घासण्याचंच निघालं म्हणून : चिंच, लिंबू, पॉलिशची पूड, काही लावू नका. तांब्या-पितळेवर वर्षानुवर्षं चढलेला तपकिरी थर हा मळ नव्हे, वयाचा पुरावा आहे. एकदा उतरला की पुन्हा चढायला तेवढीच वर्षं लागतात. कोरड्या मऊ फडक्याने धूळ काढा, बस्स. अपवाद एकच. फिकट हिरव्या रंगाचे, नखाने पावडरीसारखे सुटणारे डाग दिसले तर ती क्षारांनी लागलेली कीड समजा. दमट हवेत ती वाढत जाते, आणि आपल्याकडच्या जून-सप्टेंबरात तर फारच. असं भांडं इतरांपासून वेगळं काढून झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. जेल ओलं झालं की तापवून वाळवा किंवा बदला.

तसबिरींना भिंग लागेल, दहापट मोठं दाखवणारं. रविवर्मा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली चित्रं दगडावरून, एकेका रंगाचा वेगळा ठसा देऊन छापलेली. भिंगाखाली चेहऱ्यावर वाळूच्या कणांसारखे, लहानमोठे, बेशिस्त ठिपके दिसतात. ठिपके एका मापाचे आणि फुलासारख्या गोल रचनेत बसलेले असतील तर ती नंतरची ऑफसेट छपाई, मग चौकट कितीही जुनी असो. खालच्या पट्टीत छापखान्याचं नाव असतं, पण चौकट बसवताना ती कापून टाकलेली पुष्कळ सापडतात. चित्र काचेला चिकटलं असेल (पुराचं पाणी शिरलेल्या घरांत हे फार दिसतं) तर ओढू नका. रंग काचेवर राहील आणि हातात कोरा कागद येईल. तसंच ठेवून तसं सांगून विका.

खांबांचा हिशेब घनफुटावर होतो. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घ्या, तिघांचा गुणाकार करा, १४४ ने भागा. आठ फूट उंच आणि आठ बाय आठ इंचांचा खांब म्हणजे ५१२ भागिले १४४, साधारण साडेतीन घनफूट. हा झाला लाकडाचा भाव. कोरीव काम, खालचा दगडी तळखडा आणि वरचं हस्त (तुळईला आधार देणारा लाकडी तुकडा) यांचा भाव वेगळा मागायचा. तिन्ही एकत्र असतील तर एकत्रच विका, सुटा खांब शेवटी वखारीतच जातो. ठेकेदाराशी वाडा उतरवण्याचा करार करताना ‘निघणारा माल कुणाचा’ हे ओळीत लिहून घ्या. बहुतेक भांडणं तिथेच होतात.

फोटो सहा हवेत : समोरून, मागून, बुडाचा, नावाचा किंवा खुणेचा, मोडक्या भागाचा आणि शेजारी फूटपट्टी ठेवून एक. सकाळच्या उजेडात, फ्लॅश न मारता. वजन किलो-ग्रॅममध्ये, मापं सेंटिमीटरमध्ये. पोचा, भोक, बदललेला कान आपणहून लिहा. लपवलेला दोष पार्सल उघडल्यावर निघतोच, आणि परत येणाऱ्या चौदा किलोच्या घंगाळाचं भाडं विकणाऱ्याच्या अंगावर पडतं.

परदेशातून कुणी समई मागितली तर आधी तिचं वय ठरवा. शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. वस्तू तेवढी जुनी नसेल तर तसा दाखला पुरातत्त्व खात्याकडून घ्यावा लागतो, नाहीतर पार्सल कस्टममध्ये अडकतं.

प्रश्न : ऑनलाइन लिलावात वीस हजारांची बोली लावून एक अडकित्त्यांचा संच घेतला. बिल चोवीस हजारांच्या आसपास आलं. ही फसवणूक आहे का? – एक वाचक, जयसिंगपूर

नाही, पण नियमांचं पान तुम्ही वाचलेलं दिसत नाही. हातोडा पडला तेव्हाच्या शेवटच्या बोलीच्या रकमेवर लिलावगृह खरेदीदाराकडून आपलं शुल्क घेतं. ते पंधरा टक्के धरलं तर तीन हजार. त्या शुल्कावर अठरा टक्क्यांनी जीएसटी, ५४० रुपये. झाले २३,५४०. वर पॅकिंग, विमा, कुरिअर. काही ठिकाणी वस्तूवरही कर लागतो. म्हणून उलटं गणित करा : घरपोच किती परवडतं ते आधी ठरवा आणि त्याला १.२५ ने भागा. येईल तो आकडा तुमची शेवटची बोली, मग समोरचा शंभराने पुढे गेला तरी हात आखडायचा.

समोरासमोरच्या लिलावात एक गोष्ट आपोआप व्हायची. आदल्या दिवशी माल मांडलेला असायचा आणि कुणीही उचलून पाहायचं. अडकित्ता हातात घेऊन दोनदा उघडला-मिटला की खिळा ढिला आहे की पातं बदललेलं, ते कळतं. फोटोत ते कळत नाही. म्हणून बोलीआधी लेखी मागा : वजन, खिळ्याजवळचा जवळून फोटो आणि उघडमिट करतानाचा दहा सेकंदांचा व्हिडिओ. ‘दुरुस्ती झाली आहे का’ हा प्रश्न थेट विचारा, उत्तर जपून ठेवा. टाळाटाळ झाली तर बोली नको.

प्रश्न : पितळी कर्ण्याचा एचएमव्हीचा ग्रामोफोन घेतला. रेकॉर्ड लावली की थोड्या थोड्या वेळाने आतून ‘धप्’ असा आवाज येतो आणि सूर खाली बसतो. खरा आहे ना? – एक वाचक, इचलकरंजी

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘धप्’ हा यंत्रातल्या कमानीचा, म्हणजे स्प्रिंगचा आवाज. डब्यातलं जुनं ग्रीस वाळून चिकट झालं की कमानीचे वेढे एकमेकांना धरून बसतात आणि झटक्याने सुटतात. कमान काढून रॉकेलने धुवायची, पुसून ग्रॅफाइटचं ग्रीस लावायचं. मात्र डबा उघडण्याआधी कमान पूर्ण उतरवलेली हवी. चावी भरलेली कमान सुटली तर बोटं कापते, तेव्हा सवय नसेल तर हे काम माहीतगाराला द्या. नंतर वेग तपासा : तबकडीखाली कागदाची चिठ्ठी अडकवून रेकॉर्ड वाजत असताना एका मिनिटात किती फेरे होतात ते मोजा. ७८ हवेत. सुई लोखंडी असेल तर एका बाजूला एक, पुन्हा तीच वापरली तर रेकॉर्डची खाच खाते.

आता खरेपणाचं. लखलखीत पितळी कर्णा, अष्टकोनी किंवा नक्षीचं नवं खोकं, त्यावर खिळ्यांनी ठोकलेली कुत्र्याच्या चित्राची पितळी पट्टी, हे तिन्ही एकत्र दिसले तर यंत्र जुन्या पेटीवजा ग्रामोफोनमधलं काढून नव्या खोक्यात बसवलेलं असण्याचाच संभव. खोक्याच्या आतली बाजू पाहा. बाहेर काळपट पॉलिश आणि आत पांढरं, ताज्या करवतीचं लाकूड असेल तर उत्तर मिळालंच. वाजायला ते वाईट नसतं. जुन्याचा भाव दिला असेल तर मात्र वाईट.

प्रश्न : आजीच्या डब्यात राणीछाप आणि राजाछाप रुपये निघाले. सगळे चांदीचे का? – एक वाचक, हुपरी

चांदीच्या कारागिरांच्या हुपरीत राहून चांदीचं आम्हाला विचारता! व्हिक्टोरिया, एडवर्ड आणि पाचव्या जॉर्जचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात साधारण १०.७ ग्रॅम चांदी. सहाव्या जॉर्जचे १९४० ते १९४५ चे रुपये निम्म्याच चांदीचे, आणि १९४७ चा निकेलचा, तो चुंबकाला चिकटतो. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर तोला. नाणं झिजलेलं नसताना वजन ११.५ च्या खाली असेल तर संशय घ्या. धुऊ नका, घासू नका.

प्रश्न : शेतात नांगराला धातूची लहान मूर्ती लागली. गावात एकजण घ्यायला तयार आहे. – एक वाचक, पन्हाळा तालुका

विकू नका. जमिनीत दडलेल्या दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी द्यावी लागते, १८७८ चा कायदा आजही लागू आहे. तहसील कार्यालयातून पोच घ्या. मूर्तीची माती तशीच राहू द्या आणि ती कुठे, किती खोलीवर लागली ते लिहून ठेवा. कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकडीवरच्या वस्तूंमधली पोसायडनची लहान कांस्यमूर्ती टाऊन हॉलच्या संग्रहालयात पाहायला मिळते. रोमशी असलेल्या व्यापाराचं बोलणं तिच्यावरून होऊ शकतं, कारण ती कुठे सापडली हे माहीत आहे. सापडल्याची जागा हरवली की मूर्ती नुसती शोभेची राहते.

प्रश्न : मुलाला तोंडी बोलीचा लिलाव दाखवायचा आहे. आता कुठे होतो? – एक वाचक, राजारामपुरी

जुन्या वस्तूंचा हवा असेल तर कोलकात्याला जावं लागेल. तिथल्या रसेल स्ट्रीटवर १९४० पासूनचं रसेल एक्स्चेंज रविवारी लिलाव करतं. तेवढं लांब नको असेल तर आपल्या शाहू मार्केट यार्डात हंगामात गुळाचे सौदे बघा. सकाळी लवकर जा. रव्यांच्या (गुळाच्या ढेपांच्या) थप्पीपुढे अडत्या, व्यापारी आणि शेतकरी उभे असतात, गूळ फोडून रंग आणि कणी पाहिली जाते, क्विंटलचा भाव तोंडी चढत जातो आणि थांबला की लगेच पुढची थप्पी. दिवाळी पाडव्याला मुहूर्ताचे सौदे असतात, पण त्या दिवशी गर्दीत मुलाला काही दिसायचं नाही, चार-आठ दिवसांनी न्या.